पुराच्या रात्री व्हर्च्युअल मशीन पोहत येणार नाही

राजेहो, पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा, कारण विषय तुमच्या घरात शिरलेल्या पाण्याचा आहे. नाव जरा तांत्रिक वाटेल, तेवढं सहन करा.

आपल्या शहरात आपत्ती आली की प्रशासन एकमेकांशी कशावर बोलतं? गेले काही महिने मी हा एकच प्रश्न घेऊन फिरतोय. झोन कार्यालयात विचारला, दवाखान्यात विचारला, एका शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारला. उत्तर सगळीकडून एकच आलं: "व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना भाऊ, सगळे त्यात आहेत."

सगळे त्यात आहेत, मान्य. पण तो ग्रुप कशात आहे? मोबाइलमध्ये. मोबाइल टॉवरवर, टॉवर विजेवर आणि फायबरवर. टॉवरची बॅटरी काही तासांची, मग डिझेल. आणि डिझेलची गाडी यायची असते त्याच रस्त्यावरून, ज्यावर कमरेएवढं पाणी आहे.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट आठवा. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नागनदीनं पात्र सोडलं. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर. लोक झोपेत होते, पाणी आधी पलंगाच्या पायांना लागलं अन् मग जाग आली. मोरभवनच्या बसस्थानकात एसटीच्या बसेस पाण्यात उभ्या. मूकबधिर मुलांच्या शाळेतून मुलांना बाहेर काढावं लागलं. एनडीआरएफ आली, सैन्य आलं. माणसं गेली. लोकांच्या आयुष्यभराच्या वस्तू चिखलात गेल्या. त्यानंतर अंबाझरीच्या सांडव्यापाशी असलेल्या विवेकानंद स्मारकाचा वाद झाला, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेलं. त्यावर आपण सगळ्यांनी भरपूर लिहिलं, मीही लिहिलं. पाणी कुठून आलं यावर खूप बोलणं झालं. पाणी आल्यावर निरोप कसा गेला, यावर कोणीच बोललं नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या रात्री महापालिकेत नगरसेवक नव्हते. मार्च २०२२पासून प्रशासक होता. म्हणजे माणसानं मध्यरात्री ज्याच्या दारात जाऊन "भाऊ, काही करा" म्हणायचं, तो खांदाही नव्हता. उरला फक्त फोन. आणि पाणी शिरलेल्या घरात वीज ठेवता येत नाही, त्यामुळे चार्जिंग संपलं की फोन म्हणजे हातातला दगड.

त्या रात्री शहरातले सगळे टॉवर बसले, असं मी म्हणत नाही. बसले नाहीत म्हणूनच आपण अजूनही व्हॉट्सॲपवर विसंबून आहोत. पुढच्या वेळी बसणार नाहीत याची हमी कोणत्या कार्यालयानं दिली आहे, तेवढं सांगा.

आता मुद्द्यावर येतो.

हॅम रेडिओ तुम्हाला ऐकून माहीत असेल. हौशी लोक परवाना घेऊन स्वतःच्या वायरलेस सेटवर जगभर बोलतात, तो प्रकार. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते, वयाची बारा वर्षं झाली की बसता येतं, पास झालात की व्हीयू२ किंवा व्हीयू३नं सुरू होणारं तुमचं स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं. शौक म्हणून हिणवू नका. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हे हौशी लोक सेट घेऊन मदतीला पोचले होते. २००१ला भूजमध्ये तेच. डिसेंबर २००४मध्ये तर भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅमच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होते. सुनामी आली, अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला, आणि या लोकांनी मोहीम सोडून निरोप पोचवायला सुरुवात केली. २०२४ला वायनाडमध्ये दरड कोसळली, तेव्हाही कलपेट्ट्याला हॅम स्टेशन उभं राहिलं होतं.

ही झाली आवाजाची गोष्ट. एकजण बोलतो, दुसरा ऐकून वहीत लिहितो. पण आज नियंत्रण कक्षाला नकाशा हवा, फोटो हवा, कुठल्या शाळेत किती माणसं आणली त्याची यादी हवी. ती तोंडी सांगत बसलं तर रात्र जाते. म्हणून अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी वेगळी युक्ती केली. बाजारात मिळणारा साधा वायफाय राउटर घ्यायचा, त्याच्या पोटातलं कंपनीचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, काढून टाकायचं आणि स्वतःचं घालायचं. सुरुवात निळ्या-काळ्या लिंक्सिस राउटरपासून झाली. आज त्याचा जो प्रकल्प सर्वात पुढे आहे त्याचं नाव एआरईडीएन. ओपनडब्ल्यूआरटी या मोफत प्रणालीवर उभा आहे, युबिक्विटी, मायक्रोटिक, टीपी-लिंक अशा कंपन्यांच्या छतावर लावायच्या रेडिओंवर चालतो.

करतो काय? छतावरचा प्रत्येक रेडिओ शेजारच्या रेडिओला आपणहून ओळखतो. अ कडून क कडे जायचं असेल आणि मध्ये ब असेल तर ब मधून वाट काढतो. ब बंद पडला तर ड मधून. कोणी बसून वाट आखून द्यावी लागत नाही. मधे कंपनी नाही, टॉवर नाही, सिमकार्ड नाही, इंटरनेटही नाही. त्या जाळ्यात फोन लावता येतो, चॅट करता येतं, कॅमेरा बघता येतो. यालाच मेश म्हणतात. आपल्या गल्लीतल्या मोलकरणींचं बातम्यांचं जाळं असंच चालतं. एक सुट्टीवर गेली तरी बातमी थांबत नाही.

आता व्हर्च्युअल मशीनकडे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे तुमच्या संगणकाच्या आत चालणारा दुसरा, खोटा संगणक. त्याला वाटतं आपण खरे आहोत. एआरईडीएनचं फर्मवेअर अशा खोट्या संगणकातही चालतं, त्यासाठी वेगळी फाइल मोफत मिळते. मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालवून बघितलं. रॅम मागून मागून किती मागतं? आपल्या मोबाइलमधलं एखादं रिकामटेकडं ॲप जेवढी खातं त्याहून कमी. डोकं खातं ते नेटवर्क कार्डांचं जुळवणं. लॅन कुठलं, वॅन कुठलं, आणि एका नोडला दुसऱ्याशी तारेनं जोडायचं कार्ड कुठलं, हे एकदा नीट लावलं की ब्राउझरमध्ये पान उघडतं, ते तुमचं सांकेतिक नाव विचारतं, आणि नोड जिवंत होतो. मग दुसरा नोड उभा केला, तिसरा केला. तिन्ही खोट्या तारांनी गोल जोडले. एकमेकांची नावं यादीत दिसायला लागली. मग मुद्दाम एक तार तोडली आणि बघत बसलो. थोड्या वेळात यादीतली वाट बदलली, निरोप तिसऱ्याकडून फिरून गेला. पत्रकारितेच्या डिप्लोमात हे कोणी शिकवलं नव्हतं, पण समजायला अभियंता व्हावं लागत नाही, एवढंच सांगायचंय.

यात एक फायदा आहे जो सरकारी कार्यालयांना फार महत्त्वाचा आहे. या खेळात हवेत एकही लहर जात नाही. रेडिओच नाही, तर परवाना कशाचा लागणार? म्हणजे झोन कार्यालयातला संगणक चालवणारा मुलगा, दवाखान्यातला आयटीवाला, पॉलिटेक्निकची पोरं, व्हीएनआयटीची पोरं, सगळे उद्यापासून शिकू शकतात. (व्हीएनआयटी तर अंबाझरीच्या कुशीतच आहे, त्यांना पूर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.) फंड नाही, मंजुरी नाही, निविदा नाही, ही तिन्ही कारणं इथे चालत नाहीत. लागतो एक लॅपटॉप आणि दोन रविवार.

पण थांबा. टाळ्या वाजवू नका. माझं भांडण इथूनच सुरू होतं.

मला काही उत्साही मित्र भेटले. हॅम आहेत, हुशार आहेत, मनानं चांगले आहेत. त्यांनी घरी व्हर्च्युअल मशीनमध्ये नोड उभा केलाय, इंटरनेटवरून टनेल टाकून तो परदेशातल्या जाळ्याला जोडलाय. स्क्रीनवर शेकडो नोडची नावं दिसतात, टेक्सासची, कॅलिफोर्नियाची. स्क्रीनशॉट टाकतात: "नागपूर आता आपत्तीसाठी सज्ज." आणि खाली साठ-सत्तर अभिनंदनं.

कशाचं सज्ज, भाऊ? तो टनेल कशावर चालतो? तुमच्या घरच्या ब्रॉडबँडवर. अंबाझरीत पाणी शिरलं की पहिल्यांदा काय जाणार? वीज आणि ब्रॉडबँड. म्हणजे टेक्सास दिसत होतं तेही गेलं आणि धरमपेठ तर कधी दिसतच नव्हतं. ज्या जाळ्याची सगळी किंमत "इंटरनेट नसताना चालतं" यात आहे, ते इंटरनेटवर टांगून त्याला आपत्ती व्यवस्था म्हणणं म्हणजे छत्री घरात विसरून फोटो काढून ठेवणं झालं. टनेल शिकायला चांगला, दोन गावांतल्या क्लबना जोडून ठेवायलाही चांगला. पण त्याच्यावर विसंबून जिल्हाधिकाऱ्यांसमोर सादरीकरण करू नका. त्यांना वाटेल काम झालं.

विजेचा हिशेबही करा. छतावरचा एक रेडिओ दहा वॅटच्या आतबाहेर खातो. आपल्या घरी असते तशी इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी मरू नये म्हणून त्यातली निम्मीच वापरली तरी तो रेडिओ तीन दिवस चालतो. वर एक छोटं सोलर पॅनल लावलं तर नागपूरच्या उन्हात त्याला मरण नाही. आणि व्हर्च्युअल मशीन? ते चालतं लॅपटॉपवर किंवा सर्व्हरवर, त्याची भूक कितीतरी पट. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी दोन-तीन तास. पुराची रात्र त्याहून लांब असते.

आणि व्हर्च्युअल मशीन जे शिकवत नाही तेच इथे खरं आहे. अँटेना एक बोट हलली की पाच किलोमीटरवरचा नोड गायब होतो, हे ते शिकवत नाही. जोडाच्या आत पाणी शिरतं, माकड तार कुरतडतं, हेही नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे झाडं. पाच गिगाहर्ट्झची लहर ओल्या पानांतून जात नाही. मे महिन्यात, पानं गळालेली असताना, दोन छतांमध्ये झकास जोडणी होईल, फोटो निघतील, उद्घाटन होईल. ऑगस्टमध्ये मधलं झाड भरेल आणि जोडणी मरेल. नागपूरला हिरवं शहर म्हणून मिरवतो ना आपण? मग चाचणी भर पावसाळ्यात घ्या. उन्हाळ्यात घेतलेली चाचणी मी चाचणी मानत नाही.

जागा म्हणाल तर देवानं दिल्यात. सेमिनरी हिल्सची टेकडी आहे. शहरभर महापालिकेचे जलकुंभ उभे आहेत. झाडांच्या वर, बहुतेक इमारतींच्या वर, कुंपण असलेले, पहारा असलेले, विजेची जोडणी असलेले. एकेका जलकुंभावर एक रेडिओ, एक बॅटरी, एक पॅनल. दहा झोन कार्यालयं, मेडिकल, मेयो, जिल्हाधिकारी कार्यालय आणि निवाऱ्यासाठी ठरलेल्या शाळा यांच्या छतांवरून त्या जलकुंभांकडे तोंड केलेल्या अँटेना. शहराबाहेर रामटेकच्या गडापर्यंत थेट जोडणी होते का, हेही करून बघायला हवं. झाली तर त्या बाजूची गावं जोडता येतील. जगात लोक याहून लांबच्या जोडण्या करतात, मधे डोंगर किंवा झाड नसलं म्हणजे झालं.

कायद्याचं काय, हे विचारणारे येतीलच. रास्त आहे. अमेरिकेतले हॅम या फर्मवेअरमधून जे चॅनेल वापरतात ते सगळे आपल्याला चालत नाहीत. त्यांना नेहमीच्या वायफायच्या पहिल्या चॅनेलच्या खालचाही तुकडा मिळालेला आहे, तो इथे उचलून वापरलात तर गुन्हा होईल. पण आपल्याकडे ऑक्टोबर २०१८मध्ये केंद्रानं पाच गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा परवानामुक्त केला, घराबाहेरच्या वापरासाठीही. ताकदीची मर्यादा पाळा, मंजूर झालेली उपकरणं वापरा, झालं. दुसरा मुद्दा गुप्ततेचा. हॅमच्या पट्ट्यावर कूट भाषेत बोलायला बंदी आहे, जे जातं ते उघड. म्हणून कुठल्या घरात कोण आजारी आहे, याच्या याद्या त्यावरून पाठवू नयेत. परवानामुक्त पट्ट्यात पासवर्ड लावलेलं मेश वापरता येतं, ओपनडब्ल्यूआरटीत ती सोय आहेच. मग फर्मवेअर एआरईडीएनचंच हवं असा माझा हट्ट नाही. शिकायला ते उत्तम आहे. शहराला लागेल ते शहरानं निवडावं, पण निवडावं.

दुसरा आक्षेप: "पोलिसांकडे वायरलेस आहे की." आहे, आणि चांगला आहे. पण तो पोलिसांचा आहे. मेडिकलच्या अपघात विभागातून शाळेतल्या निवाऱ्याला फोटो पाठवायला तो उपयोगाचा नाही, आणि त्या रात्री पोलिसांना स्वतःचंच बोलणं पुरत नाही. तिसरा आक्षेप: "आता मोबाइलवर सरकारी इशारा येतो." २०२३मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, ती चाचणी आठवते? छान सोय आहे. पण तो इशारा टॉवरवरूनच येतो आणि वरून खालीच येतो. छतावर अडकलेल्या माणसाला उलट काही सांगता येत नाही.

चौथा आक्षेप मला जास्त राग आणतो: "आपलं शहर स्मार्ट आहे, साडेतीन हजारांवर कॅमेरे आहेत, शेकडो किलोमीटर फायबर आहे, एक नियंत्रण कक्ष आहे." सगळं खरं. सगळं एका खोलीत येऊन मिळतं, हेही खरं. ती खोली जोवर चालू आहे तोवर शहराला हजारो डोळे. फायबर तुटलं, वीज गेली, तर शहर आंधळं. कोट्यवधी रुपये डोळ्यांवर खर्च केले. जिभेवर किती केले? मी हिशेब मागतोय, टोमणा मारत नाही.

आणि हे सगळं कुठल्या शहरात? एनडीआरएफची अकादमी नागपुरात आहे. नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय १९५७पासून नागपुरात होतं, पुढे ते याच अकादमीत मिळालं. देशभरातले जवान आपत्तीत काय करायचं ते शिकायला आपल्या गावी येतात. आणि आपल्याच झोन कार्यालयात टॉवर पडला तर काय, या प्रश्नावर लोक एकमेकांकडे बघतात. मी बघितलंय ते बघणं.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या परवानाधारक हॅमची यादी करावी आणि त्यांना एकदा चहाला बोलवावं, सत्काराला नव्हे, कामाला. महापालिकेनं या पावसाळ्यात फक्त तीन जलकुंभ द्यावेत: एक सेमिनरी हिल्सचा, एक अंबाझरीच्या बाजूचा, एक सक्करदऱ्याकडचा. तीन नोड, तीन बॅटऱ्या. खर्च एखाद्या उद्घाटनाच्या मांडवाएवढा. प्रत्येक झोनमधून दोन माणसं द्यावीत, त्यांना आधी व्हर्च्युअल मशीनवर शिकवावं, कारण तिथे चुकलं तर काही जळत नाही. मग त्यांना शिडीवर चढवावं. आणि जुलै-ऑगस्टमधल्या एका दिवशी, पाऊस चालू असताना, दहाही झोनमध्ये चार तास मोबाइल बाजूला ठेवायला लावून काम करून दाखवावं. पत्रकारांना बोलवा, मी येतो. जमलं नाही तर जमलं नाही असं लिहीन, काय अडलं तेही लिहीन.

हॅम मित्रांनो, रागावू नका. टेक्सासचा स्क्रीनशॉट काढलात, अभिनंदन. आता धरमपेठेतून बर्डीचा काढा, ब्रॉडबँडची वायर उपटून. तो मी माझ्या भिंतीवर लावतो.

ज्यांना लॅपटॉपवर करून बघायचंय त्यांनी मेसेज करा. येत्या रविवारी सकाळी दहाला बसू. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही चालेल, दोन असतील तर उत्तम. नगरसेवकांनी आणि झोनच्या साहेबांनीही यावं. खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत, चहा माझ्याकडून.